दोन्ही पुस्तकांत नसलेली अक्का

त्या बाबावरचं पहिलं पुस्तक मला जळगावच्या बसस्थानकावर दिसलं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून परत येत होते. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे सगळं धूसर होतं, पण मुखपृष्ठावरचे त्याचे डोळे मात्र लगेच ओळखले. जाड पुस्तक, काळं मुखपृष्ठ, आणि त्यावर फक्त तेवढे डोळे. विक्रेत्याला मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायला सांगितलं. माझ्या वयाच्या बाईने असलं पुस्तक हातात घेऊन रिक्षात बसावं, हे मला बरं वाटेना.

घरी आल्यावर ते कपाटात ठेवून दिलं. नजर नीट व्हायला दुसरा दिवस उजाडला. मग चहा घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले आणि वाचायला लागले. यजमान गेल्यापासून त्या टेबलावर मी एकटीच जेवते. मुलगी बंगळुरूला असते. ती रोज फोन करते, जेवलीस का विचारते, आणि मी जेवले म्हणते. टपाल खात्यातली नोकरी संपल्यावर दिवसभर माणसांशी बोलायची सवय गेली, आणि यजमान गेल्यावर उरलेलं बोलणंही गेलं. तेव्हा पुस्तक वाचायला वेळ नव्हता असं मला म्हणता येणार नाही. पण मी ते वेळ घालवायला घेतलं नव्हतं. त्या बाबाच्या आश्रमात माझी थोरली बहीण बरीच वर्षं राहिली होती. तिथे काय झालं हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं.

अक्काला एरंडोलला दिली होती. मूलबाळ झालं नाही. मेहुणे थोड्या दिवसांच्या आजारात गेले. सासरची माणसं वाईट नव्हती, पण त्या घरात तिच्याशी बोलण्यासारखं कोणाला काही उरलं नाही. गल्लीत भजनाला येणाऱ्या बायकांबरोबर ती एकदा सातपुड्याच्या पायथ्याशी त्या आश्रमात गेली. आठवडाभरासाठी गेली होती, ती तिथेच राहिली. मी आणि यजमान तिला एकदा भेटायला गेलो. आम्हाला आत सोडलं नाही. फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आली, अंगात पिवळा कुर्ता, केस कापलेले. तिने आमच्या हातावर प्रसादाची केळी ठेवली आणि मी बरी आहे म्हणाली. शेजारी एक बाई आमचं बोलणं ऐकत बसली होती. आम्ही उठलो तेव्हा अक्का फाटकापर्यंतही आली नाही.

मग आश्रमात एक तरुण मुलगी मेली. आधी हृदय बंद पडलं म्हणाले, मग पोलीस आले, एकेक गोष्ट बाहेर पडत गेली आणि बाबा तुरुंगात गेला. अक्का एक पिशवी घेऊन आमच्याकडे आली. थोडेच दिवस राहिली. शेजारच्या बायका तिला बघायला यायच्या. हळदी-कुंकवाला आल्यासारख्या बसायच्या आणि मधूनच बाबाचं काहीतरी विचारायच्या. एके सकाळी अक्काने पिशवी भरली आणि भडगावला निघून गेली. तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं. पापड-बिबड्या करून विकणाऱ्या एका बाईंकडे तिने काम धरलं, गिरणा नदीच्या बाजूला एक खोली घेतली. मी जायचे, ती यायची नाही. गेले की ती मला जेवायला घालायची, पायाला तेल लाव म्हणायची, पावसाचं, बाजारभावाचं बोलायची. आश्रमाचा विषय निघाला की उठून चुलीकडे जायची.

त्यामुळे काळ्या मुखपृष्ठाच्या त्या पुस्तकात मी बाबाला शोधत नव्हते, अक्काला शोधत होते. आणि ती मला सापडली, असं मला वाटलं.

लेखक पत्रकार होता. कोर्टाची कागदपत्रं वाचून, पुष्कळ लोकांना भेटून त्याने लिहिलं होतं. बाबा सोडून सगळ्यांची नावं बदललेली. त्यात खानदेशातली एक विधवा होती, मध्यम वयाची, कमी बोलणारी. बायकांच्या निवासाच्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या. मुलीला कोंडलं तेव्हा कुलूप तिने लावलं, असं त्यात होतं. मुलगी आतून दार वाजवत होती आणि ही बाई बाहेर तांदूळ निवडत बसली होती, असंही होतं. मी पुस्तक मिटलं आणि उठून गॅलरीत गेले. समोरच्या इमारतीतली माणसं कूलरमध्ये पाणी भरत होती. किती वेळ उभी होते कोण जाणे.

दुसरं पुस्तक मिळालं धुळ्याला. एका लग्नाला गेले होते, कार्यालयाजवळच पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. हे पातळ होतं, बाबाच्या एका जुन्या सेवकाने लिहिलेलं. लग्नात जेवणाची पंगत बसेपर्यंत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते चाळलं. त्यातही खानदेशातली विधवा होती. पण तिच्याकडे किल्ल्या नव्हत्या. ती स्वयंपाकघरात होती. मुलगी गेल्यावर भाजी आणायला म्हणून बाहेर पडून पोलीस चौकीत पहिल्यांदा बोलणारी तीच, असं हा सेवक लिहीत होता. तिच्यामुळेच सगळं उघड झालं.

लग्नाहून परतताना बसमध्ये मी इतकी हलकी झाले होते की शेजारच्या अनोळखी बाईंना खिडकीची जागा दिली.

घरी आल्यावर मात्र दोन्ही पुस्तकं समोरासमोर उघडून बसले, आणि तो हलकेपणा टिकला नाही. ही दोन पुस्तकं एकाच माणसाबद्दल आहेत हे नाव वाचल्याशिवाय कळलं नसतं. पत्रकार म्हणत होता, बाबा आधी दवाखान्यात कंपाउंडर होता. सेवक म्हणत होता, तो दवाखान्याची पायरी चढायला घाबरायचा. एकात बाबा तासन्तास गोड बोलायचा, दुसऱ्यात तो दिवसचे दिवस तोंड उघडायचा नाही आणि लोक त्याच्या भुवयांवरून अर्थ लावायचे. पत्रकाराच्या पुस्तकात मुलगी मारहाणीत गेली. सेवकाच्या पुस्तकात तिला व्रताला बसवलं होतं, उपासात ती गेली आणि बाबाने प्रकरण दडपलं. दवाखान्यात नेली तेव्हा तिच्या अंगावर नवी कोरी साडी होती, एवढं दोघांनाही मान्य होतं. आधीचे कपडे होमात जाळले, असं एक पुस्तक सांगत होतं. दुसरं सांगत होतं की नदीत टाकले. आणखी एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. मुलीची श्रद्धा शेवटपर्यंत अढळ होती, आश्रम सोडून जायचा विचार तिच्या मनाला शिवला नाही, असं दोघांनी जवळजवळ सारख्याच शब्दांत लिहिलं होतं.

मी ती पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचली. भाजी फोडणीला टाकून वाचत बसायचे आणि भाजी करपायची. किल्ल्यावाली विधवा की चौकीत जाणारी विधवा, एवढाच माझा प्रश्न होता. कधी एक अक्कासारखी वाटायची, कधी दुसरी. लहानपणी अक्का मला मारायचीही आणि आईच्या मारापासून वाचवायचीही. आठवणींतून काही निकाल लागेना. माझ्या मुलीला फोनवर सांगावंसं वाटलं, पण ती लगेच म्हणाली असती, आई, तू असलं काही वाचू नकोस, इकडे ये. म्हणून तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं दुसरं कोणी नव्हतं.

शेवटी पुस्तकं पिशवीत टाकून मी भडगावला गेले.

बिबड्यांचे दिवस होते. अक्का ज्या बाईंकडे काम करायची त्यांच्या गच्चीवर ज्वारीचा चीक शिजत होता, ओल्या कापडांवर बिबड्या थापल्या जात होत्या. अक्का सगळ्यात कडेला बसली होती. मला बघून तिने ओला हात वर केला आणि काम संपेपर्यंत बस म्हणून खूण केली. दुपारी तिच्या खोलीत आम्ही जेवलो, कळण्याची भाकरी आणि ठेचा. मग मी पुस्तकं काढून तिच्यापुढे ठेवली. काळ्या मुखपृष्ठावरचे डोळे बघून ती दचकली नाही. पुस्तक पालथं घातलं, एवढंच.

मी तिला विचारलं नाही. विचारायचं ठरवून आले होते, पण तोंडातून निघेना. म्हणून म्हटलं, यात तुझ्याबद्दल लिहिलंय, वाचून दाखवू का. तिला मोतीबिंदू होता, वाचता येत नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली आणि वाच म्हणाली.

मी आधी किल्ल्यावाली वाचली. वाचताना माझा आवाज बसत होता. ऐकून झाल्यावर अक्का म्हणाली, "ती मी नही." ती बाई नाशिककडची होती म्हणाली, खानदेशातली नव्हेच. तिला दम्याचा त्रास होता.

मला इतकं बरं वाटलं की मी घाईघाईने दुसरं पुस्तक उघडलं आणि चौकीत जाणारी वाचली. ते वाचताना माझा आवाज चांगला चढला. अक्काने सगळं ऐकून घेतलं.

"ती बी मी नही," ती म्हणाली.

ती दुसरीच कोणी होती, चोपड्याकडची. चांगली बाई होती, अक्का म्हणाली. मी पुस्तक मांडीवर ठेवून बसले. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर सुरू होत नव्हता, पुन्हा पुन्हा घरघर करून बंद पडत होता. अक्काने विचारलं, "मंग मी कोठे शे?"

मी दोन्ही पुस्तकं कितीदा वाचली होती, पण त्या दोन बायकांपलीकडे तिला कुठे शोधलंच नव्हतं.

त्या खेपेला मी परत आले नाही, तिच्याकडेच राहिले. रोज दुपारी ती काम करून आली की मी वाचायचे. पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता. अक्का ऐकायची. कुठे मान हलवायची, कुठे हे असं नव्हतं म्हणायची, पण वाद घालत नव्हती. एका जागी पोलीस पहिल्यांदा आश्रमात आले त्याचं वर्णन होतं, की ऊन कडक होतं आणि कोणीतरी त्यांना माठातलं पाणी दिलं. अक्काने मला थांबवलं. "त्यास्ले पानी मीच दिन्हं," ती म्हणाली. मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, आणि मला रडू आवरेना, म्हणून मी चहा टाकायला उठले.

जाड पुस्तकाच्या शेवटी मुलीच्या आईवर एक प्रकरण होतं. आई धुळ्याला राहते, पिठाची गिरणी चालवते. लेखकाने लिहिलं होतं की तिला बाबाच्या शिक्षेबद्दल फारसं बोलायचं नव्हतं. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, की मुलीच्या अंगावरच्या कपड्यांची एक चिंधीही आपल्याला मिळाली नाही.

मी पान उलटायला गेले, तर अक्काने पुस्तकावर हात ठेवला.

"त्या कपडा मीच धुयात," ती म्हणाली. "आगमा नही, नदीमा बी नही. मी धुयात."

मग तिने सांगितलं. आश्रमात तिचं काम धुण्याचं होतं. मागच्या भिंतीशी दगड होते, तिथे ती सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या बायकांचे पिवळे कुर्ते धुवायची. सगळे सारखेच, म्हणून प्रत्येकीच्या गळपट्टीला आतून वेगळ्या दोऱ्याची खूण असायची. त्या मुलीची खूण हिरवी होती. खूण घालायला मुलगी तिच्याजवळच येऊन बसली होती, आणि नंतरही मधूनमधून येऊन बसायची, डोक्याला तेल लावून घ्यायची. त्या सकाळी धुण्याच्या गाठोड्यात तिचे कपडे आले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती, शेतातल्या काळ्या मातीने. कुर्त्याच्या हातालाही माती. आश्रमात सगळीकडे फरशी होती, एवढी माती कुठून आली, असं अक्काच्या मनात आलं. पण गाठोडं मोठं होतं आणि ऊन चढायच्या आत धुवायचं होतं. तिने कपडे घासून धुतले, वाळवले, घड्या घालून कपाटात इतरांच्या कपड्यांवर ठेवले. मुलगी गेल्याचं तिला संध्याकाळी कळलं. पुढे आश्रमाला सील लागलं. ते कपडे कोणी नेले, कुठे गेले, तिला माहीत नव्हतं.

मी विचारलं, हे तू पोलिसांना का नाही सांगितलंस. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं, मी खरंच विचारत होते. "माले कोनीच इचारं नही," अक्का म्हणाली. मोठ्या-मोठ्या बायकांचे जबाब झाले. धुणंवालीला कोणी बोलावलं नाही. आणि आपण पुरावा धुऊन टाकला हे तिला हळूहळू समजत गेलं, तसतसं तिचं तोंड आणखी मिटत गेलं.

मी म्हटलं, वकिलाला सांगू, त्या पत्रकाराला सांगू. तिने मान हलवली. आधी त्या माउलीला सांगायचं, म्हणाली. बाकीचं तिने ठरवावं.

धुळ्याला गिरणी शोधायला वेळ लागला नाही. ज्या रिक्षावाल्याला विचारलं त्याने मुलीचं प्रकरण काढलं आणि सरळ दारात नेऊन सोडलं. गिरणी चालू होती, आवाजात काही ऐकू येत नव्हतं. आई चाळणीजवळ उभी होती, पापण्यांवर सुद्धा पीठ. अक्काच्याच वयाची असेल, किंवा थोडी लहान. मी तिला बाजूला घेऊन आम्ही कोण ते सांगितलं. आश्रमाचं नाव काढताच तिचा चेहरा दगडासारखा झाला. वाटलं, आता हाकलून देईल. तिने आत जाऊन गिरणी बंद केली. रांगेतल्या गिऱ्हाइकांना नंतर या म्हणाली. पट्टा थांबेपर्यंत आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो.

अक्काने जे मला सांगितलं तेच तिलाही सांगितलं, तेवढंच, त्याच क्रमाने. हिरव्या दोऱ्यापाशी आईने डोळे मिटले. मातीपाशी उघडले. कुठपर्यंत होती माती, तिने विचारलं. अक्काने वाकून आपल्या गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं. काळी होती का, नक्की काळी? अक्का हो म्हणाली. शेतातली. आश्रमाच्या मागे कपाशीची शेतं होती, त्यांच्यापलीकडे डांबरी रस्ता.

आई पिठाच्या डब्यावर बसली.

"म्हणजे ती घरी यायला निघाली होती," ती म्हणाली.

अक्का म्हणाली, ते मला माहीत नाही, मी फक्त माती बघितली. आईने ऐकलं नसावं. ती पुन्हा तेच म्हणाली, या वेळी माझ्याकडे बघून, मी काहीतरी लिहून घेणार असल्यासारखी. लोकांनी तिला इतकी वर्षं सांगितलं होतं की तुझ्या मुलीला परत यायचंच नव्हतं. नातेवाईक सांगत, पुस्तकं सांगत. आता ती अक्काचे दोन्ही हात धरून रडायला लागली. अक्काने ते कपडे धुतले याबद्दल ती रागावेल, असं मला वाटलं होतं. ती एका शब्दानेही रागावली नाही. डोळे पुसून तिने विचारलं, ती तिथे जेवायची का नीट. मग अक्का बोलायला लागली. मुलीला वरणात बट्टी चुरून आवडायची, तेल लावताना ती गुणगुणायची, कुत्र्याला घाबरायची. आई मधेच म्हणायची, हो, लहानपणापासून घाबरायची. अक्काला एवढं बोलताना मी आयुष्यात बघितलं नव्हतं.

मी दाराजवळच्या स्टुलावर बसून होते. गिऱ्हाईक आलं की गिरणी बंद आहे म्हणून सांगत होते.

पुढे आईने वकिलाला कळवलं. वकील भडगावला येऊन अक्काचं म्हणणं लिहून घेऊन गेले. या टप्प्यावर त्याचा किती उपयोग होईल सांगता येत नाही, म्हणाले. अक्काने त्यांना सांगितलं की उपयोग व्हायचा तो झाला. त्यानंतर ती महिन्यातून एकदा धुळ्याला जायला लागली, मग दर आठवड्याला. आईची कंबर दुखते, दळण तोलायला माणूस लागतं, असं कारण असायचं. दिवाळीनंतर तिने भडगावची खोली सोडली. गिरणीच्या मागे एक खोली होती, मुलीचीच. तिथे ती राहायला गेली.

सामान हलवायला मी गेले होते. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी, अंथरूण आणि थोडी भांडी. मी मनात धरलं होतं की ती कधीतरी माझ्याकडे जळगावला येईल. माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही माझ्याच डॉक्टरांकडे करायचं होतं. मी ते बोलून दाखवलं नाही. तिला तिथे बघून बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. दोघी एकमेकींना अक्काच म्हणत होत्या आणि एका ताटात खात होत्या. ज्या मुलीबद्दल त्या बोलायच्या तिला मी कधी बघितलेलं नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे त्या बोलण्यात घालायला काही नव्हतं.

आईने मलाही राहायचा आग्रह केला. शेवभाजी केली होती. मी म्हटलं, आमच्याकडे उद्या सकाळी नळाला पाणी येतं, भरायला घरी कोणी नाही, मला गेलं पाहिजे. अक्काने माझ्या पिशवीत पिठाची पुडी घातली आणि पोहोचल्यावर फोन कर म्हणाली.

मी पोहोचले, फोन केला. गिरणीच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नाही, ती बरं बरं म्हणाली आणि ठेवला. सकाळी मला उशिरा जाग आली. बादल्या लावून नळ उघडला, तर पाणी येऊन गेलेलं होतं.